फायबरग्लासवर टाइल धरायची तर वाळू हवी

फायबरग्लासचा टॉपकोट, म्हणजे सगळ्यात वरचा रेझिनचा हात, घासून खरखरीत केला की टाइल थेट बसते, असं काही जण म्हणतात; ते अर्धंच बरोबर. टॉपकोटमधलं मेण रेझिन कडक होताना वर येतं आणि अ‍ॅडहेसिव्हला धरू देत नाही. त्यामुळे आधी अ‍ॅसिटोनने पुसून मगच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं. उलट केलं तर मेण ओरखड्यांत भरतं. फायबरग्लासचं काम अजून व्हायचं असेल तर याहून चांगलं म्हणजे शेवटचा हात ओला असतानाच त्यावर कोरडी सिलिका वाळू भरपूर शिंपडायची, कडक झाल्यावर सुटी वाळू झाडून काढायची.

टाइल चिकटवायची डब्यातली तयार पेस्ट मात्र अजिबात नको. ती पाणी उडूनच सुकते, आणि इथे खाली फायबरग्लास, वर टाइल, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. सिमेंटवालं लवचिक, सी२ एस१ दर्जाचं (सी२ म्हणजे सिमेंटवालं, जास्त पकडीचं; एस१ म्हणजे लवचिक) अ‍ॅडहेसिव्ह घ्या. आणि भिंतीलगतच्या सांध्यात ग्राउट (टाइलमधल्या फटी भरायचं मिश्रण) नाही, सिलिकॉन.