मदत हवी आहे: यूआय डिझाइन (ॲपच्या स्क्रीनची मांडणी) शिकायला आधी काय वाचावं?

मोंढा_ॲप: परभणीच्या मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी मोबाइलवर हिशेबपट्टीचं ॲप करतोय. माल, वजन, भाव, हमाली, तोलाई, निव्वळ रक्कम. कोडिंग जमतं, पण स्क्रीनवर काय कुठं ठेवावं ते उमगत नाही. मुनीम म्हणतात, "पुढं कुठं दाबायचं तेच दिसंना." पुस्तकं सुचवा, इंग्रजी चालतील.

उदगीरी: भाऊ, आधी स्टीव्ह क्रुगचं 'डोन्ट मेक मी थिंक'. 2014 ची तिसरी आवृत्तीच घ्या, तिच्यात मोबाइलवर वेगळं प्रकरण आहे. मग डॉन नॉर्मनचं 'द डिझाइन ऑफ एव्हरीडे थिंग्ज', 2013 ची सुधारित आवृत्ती. मुनिमांच्या तक्रारीचं उत्तर पहिल्याच प्रकरणात आहे. पाचवं प्रकरण चुकांवर आहे, ते तर दोनदा वाचा. 12.40 क्विंटलचा टिंब राहून 1240 पडलं, तर "अवैध नोंद" लिहून भागत नाही. "वजन 1240 क्विंटल, बरोबर आहे का?" असं पट्टी छापायच्या आधीच विचारलं पाहिजे.

जायकवाडी: दिसण्यासाठी 'रिफॅक्टरिंग यूआय' घ्या, ते प्रोग्रामर लोकांसाठीच लिहिलंय. निव्वळ रक्कम सगळ्यात ठळक, हमाली-तोलाई त्याहून फिकी. पण फिकी किती? डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेबवरचं सगळ्यांना वापरता यावं म्हणून केलेली मार्गदर्शक तत्त्वं) साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, निदान 4.5:1 हवा, मोंढ्यातल्या उन्हात त्याहून जास्तच ठेवा. बटण 48 डीपीपेक्षा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप) लहान नको.

आता देवनागरीचं, कारण या पुस्तकांच्या भरवशावर राहिलात तर इथं फसाल. लाइन-हाइट (ओळीची उंची) अक्षराच्या आकाराच्या 1.5 पट, त्याच्या आसपास ठेवा आणि खान्याची उंची बांधू नका, नाहीतर 'तूर'चा ऊकार खालून कापला जातो, वरून वेलांटी अन् अनुस्वार. लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच, वाढवलं की शिरोरेषा तुटते. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हा फॉन्ट वापरा, दोन्ही फुकट आहेत. वजन-भावाच्या खान्यात थेट आकड्यांचा कीबोर्ड उघडू द्या, त्यात टिंब आहे ना ते तपासा.

मोंढा_ॲप: आणि बरोबर झालंय की नाही, हे कसं ताडायचं?

उदगीरी: त्यासाठी क्रुगचंच 'रॉकेट सर्जरी मेड ईझी'. प्रत्येक वेळी तीन माणसं पुरतात, असं तो सांगतो. तीन दुकानांतले मुनीम गाठा, "ही पट्टी करा" म्हणून फोन हातात द्या आणि गप्प राहा. बोट कुठं अडतं तेवढंच टिपा. मधेच सांगितलंत तर चाचणी वाया. लिलाव सुरू व्हायच्या आधी जा, नंतर त्यांना मान वर करायला सवड नसते.