पोटातील गॅस्ट्रिक बँड आणि रात्रीचा खोकला: कोणाला दाखवावे?

गोदाकाठ (प्रश्न):

नमस्कार. माझ्या मोठ्या बहिणीच्या प्रकृतीविषयी सल्ला हवा आहे. ताईचे वय 54 आहे. 2010 मध्ये मेलबर्नला राहत असताना तिने वजन कमी करण्यासाठी गॅस्ट्रिक बँडची, म्हणजे जठराच्या वरच्या भागाभोवती पाणी भरून आवळता येणारा पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या काळी ऑस्ट्रेलियात ही शस्त्रक्रिया सर्रास होत असे. दोन वर्षांत तिचे वजन 118 किलोवरून 84 वर आले. दर काही महिन्यांनी ती दवाखान्यात जाऊन पोटाच्या कातडीखालच्या पोर्टमधून (पट्ट्याला नळीने जोडलेल्या डबीतून) पट्ट्यात पाणी भरून किंवा काढून घेत असे. 2021 मध्ये ती आणि भावोजी कायमचे नाशिकला परतले आणि ही तपासणी थांबली ती थांबलीच.

गेले तीन महिने पोळीचा किंवा चिकनचा घास तिच्या छातीत अडकतो, तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि घास बाहेर पडेपर्यंत तिला बसवत नाही की उभे राहवत नाही. रात्री आडवे झाल्यावर तासाभरात खोकल्याची ढास लागते. परवा रात्री दोन वाजता, साडेसातला खाल्लेला दहीभात जसाच्या तसा तोंडात आला. मी तिच्याजवळच झोपले होते. तिने वाटीत थुंकलेली शिते मी दिव्याखाली पाहिली, ती अख्खी होती, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे चव अजिबात आंबट नव्हती.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी पित्ताच्या गोळ्या दिल्या, मग खोकल्याचे औषध दिले, छातीचा एक्स-रेही काढला आणि तो चांगला आला. पट्ट्याचा विषय काढल्यावर ते म्हणाले की इतक्या जुन्या शस्त्रक्रियेचा आता काही संबंध नाही. इतके असूनही तिचे वजन सहा किलोंनी वाढले आहे, कारण आईस्क्रीम आणि कस्टर्ड तेवढे सुखाने उतरते, असे तिने मला फार संकोचून सांगितले. हा पट्ट्याचाच त्रास असू शकतो का? आणि नाशिकमध्ये कोणाकडे जावे?

मुलुंडची रहिवासी:

डॉक्टरांनी "संबंध नाही" म्हटले तरी कृपया तेथे थांबू नका. मी याच वाक्यावर दोन वर्षे घालवली आहेत.

माझा पट्टा 2009 मध्ये मुंबईत बसवला होता. सहा वर्षे सर्व ठीक चालले. त्यानंतर पोर्टच्या जागेवरची कातडी लाल होऊन दुखू लागली. प्रतिजैविकांचा एक कोर्स झाला की लाली जाई आणि महिन्याभरात परत येई. असे तीन वेळा झाल्यावर पोर्ट बदलून दिला, तरी नव्या जागीही पू झाला. याच काळात मला पूर्वीसारखी भूक लागू लागली, दोन पोळ्या सहज जाऊ लागल्या आणि वजन वाढले. माझाच जिभेवर ताबा राहिला नाही, असे मी धरून चालले होते आणि घरच्यांनीही तेच धरले होते. शेवटी दुसऱ्या शल्यचिकित्सकांनी एन्डोस्कोपी केली आणि मला पडदा दाखवला. जठराच्या गुलाबी अस्तरातून पट्ट्याची पांढरी कड आत आलेली स्पष्ट दिसत होती. पट्टा हळूहळू भिंत कुरतडत आत शिरला होता, त्यामुळे तो आवळत नव्हता, आणि जठरातले जंतू नळीवाटे पोर्टपर्यंत पोचत होते.

पट्टा काढल्यावर भोक बुजून आले आणि आज माझी प्रकृती चांगली आहे. तुमच्या ताईंची लक्षणे माझ्यापेक्षा वेगळी आहेत, पण पोर्टवरची कातडी एकदा नीट पाहून घ्या. आणि त्यांना सांगा की आईस्क्रीम खाल्ल्याबद्दल लाज वाटण्याचे काहीही कारण नाही. घशाखाली जे उतरते तेच माणूस खातो.

दुर्बीण (शल्यचिकित्सक, पुणे):

रुग्णाला न पाहता निदान करणे योग्य नाही, परंतु आपण लिहिलेली एक गोष्ट फार मोलाची आहे. सहा तासांपूर्वीचा भात न पचता आणि आंबट न होता वर आला, याचा अर्थ तो बहुधा जठराच्या आम्लापर्यंत पोचलाच नव्हता. तो पट्ट्याच्या वर, म्हणजे जठराच्या लहानशा कप्प्यात किंवा अन्ननलिकेत साचून राहिला होता. पित्ताच्या गोळ्या आम्ल कमी करतात, साचलेले अन्न पुढे ढकलत नाहीत. आडवे झाल्यावर तेच अन्न श्वासनलिकेकडे ओघळते आणि खोकला येतो. छातीचा एक्स-रे आज चांगला असला तरी असे वारंवार होत राहिल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. तोपर्यंत त्यांनी रात्रीचे जेवण पातळ ठेवावे, ते झोपेच्या तीन-चार तास आधी घ्यावे आणि पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करावी.

2021 नंतर पाणी भरले नसेल तर पट्टा आता का आवळतो, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मूळ रचनेत पट्ट्याच्या वर जेमतेम 15 ते 30 मिलिलिटरचा कप्पा ठेवलेला असतो. काही रुग्णांत खालचे जठर पट्ट्यातून वर सरकते, कप्पा मोठा होऊन पट्ट्यावर कलंडतो आणि वाट अडते. याला आम्ही पट्टा घसरणे म्हणतो. काहींत पट्टा जागेवरच असतो, पण वर्षानुवर्षे अडथळ्याविरुद्ध जोर लावून अन्ननलिका सैल आणि रुंद होते. उभ्याने काढलेल्या पोटाच्या साध्या एक्स-रेवरही बरेच कळते. नीट बसलेला पट्टा तिरका, डाव्या खांद्याच्या दिशेने झुकलेला आणि कडेने पाहिल्यासारखा दिसतो. मणक्याशी त्याचा कोन साधारण 4 ते 58 अंशांच्या दरम्यान असतो. तो आडवा झाला असेल किंवा गोल कड्यासारखा दिसत असेल तर घसरल्याचा दाट संशय घ्यावा. त्याबरोबर बेरियम (एक्स-रेत दिसणारे द्रावण) पाजून तपासणी करावी, म्हणजे कप्पा आणि अन्ननलिका दोन्ही दिसतात.

या तपासण्यांची वाट न पाहता पहिला उपाय करता येतो, तो म्हणजे पट्ट्यातील सर्व पाणी काढून घेणे. पट्ट्याच्या प्रकारानुसार त्याची क्षमता 4, 10 किंवा 14 मिलिलिटर असते, म्हणून मेलबर्नच्या दवाखान्यातून पट्ट्याचा प्रकार आणि शेवटी किती पाणी होते याची नोंद ईमेलने मागवून घ्या. येथे एक अडचण हमखास येते. पोर्टच्या रबरी पडद्याला साध्या सुईने टोचल्यास त्याचा तुकडा निघून पुढे गळती लागू शकते, म्हणून ह्यूबर सुई, म्हणजे पडद्याचा तुकडा न काढणारी खास टोकाची सुई लागते. आपल्याकडे पट्टे आता फार कमी बसवले जातात, त्यांची जागा स्लीव्हने (जठराचा मोठा भाग कापून काढण्याच्या शस्त्रक्रियेने) घेतली आहे, त्यामुळे अनेक रुग्णालयांत "ही सुई आमच्याकडे नाही" असे उत्तर मिळते. परंतु कर्करोगाच्या रुग्णांना केमोपोर्टमधून, म्हणजे छातीच्या कातडीखाली बसवलेल्या अशाच पोर्टमधून औषध देताना हीच सुई वापरतात. कर्करोग विभाग असलेल्या नाशिकमधील कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ती मिळेल. लठ्ठपणाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यचिकित्सकांची वेळ घ्या आणि सुईची चौकशी फोनवरच करा.

पाण्याचा घोट किंवा स्वतःची लाळही उतरेनाशी झाली, किंवा पोटात वरच्या बाजूला सतत आणि वाढत जाणारी कळ सुरू झाली, तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ न शोधता सरळ तातडीच्या विभागात जावे. घसरलेल्या भागाचा रक्तपुरवठा बंद पडल्यास तो सडू शकतो. हे क्वचित घडते, पण घडले तर हातात फार थोडा वेळ असतो.

मऊ भात (आहारतज्ज्ञ):

वरील सल्ल्यात एकाच गोष्टीची भर घालते, कारण ती नेमकी आपल्याकडे राहून जाते. अनेक आठवडे अन्न उलटून पडत असेल तर शरीरातील थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब 1, संपत येते. त्याचा साठा फार थोडा असतो. अशा रुग्णाला अशक्तपणासाठी ग्लुकोजची बाटली लावली जाते, आणि उरलेसुरले थायमिन त्या ग्लुकोजच्या पचनात खर्ची पडून मेंदूला इजा होऊ शकते. ताईंना कोठेही सलाईन लावण्याची वेळ आली तर "आधी थायमिनचे इंजेक्शन द्या" असे आवर्जून सांगा. चालताना तोल जाणे, एकाचे दोन दिसणे, बोलण्यात गोंधळ होणे यांपैकी काहीही दिसल्यास ते वयावर किंवा थकव्यावर ढकलू नका.

गोदाकाठ:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मेलबर्नहून दोन दिवसांत उत्तर आले: 10 मिलिलिटरचा पट्टा, शेवटची नोंद 6.5. येथील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागातून ह्यूबर सुई आणवून शल्यचिकित्सकांनी सोमवारी पाणी काढले. सिरिंजमध्ये सव्वासहा मिलिलिटर स्वच्छ पाणी आले. तिथेच ताईला पेलाभर पाणी प्यायला दिले आणि ते न अडखळता गेले, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिसऱ्या रात्रीपासून खोकला नाही. पोर्टवरची कातडी चांगली आहे. एक्स-रेमध्ये पट्टा जागेवर आहे, पण बेरियममध्ये अन्ननलिका बरीच रुंद दिसली. सहा आठवड्यांनी पुन्हा बेरियम करू आणि मग ठरवू, असे ते म्हणाले.

ताईला आता भूक लागू लागली आहे आणि वजन वाढेल या भीतीने ती थोडे तरी पाणी परत भरा म्हणते. तसे करावे का?

दुर्बीण (शल्यचिकित्सक, पुणे):

आता मुळीच नाही. पट्टा रिकामा केल्यावर रुंद झालेली अन्ननलिका बहुतेक रुग्णांत पुन्हा आवळत मूळ रूपात येते, पण त्यासाठी तिला पूर्ण विसावा मिळावा लागतो. सहा आठवड्यांनंतरच्या बेरियममध्ये ती पूर्ववत दिसली, तर अगदी थोडे पाणी भरून पाहण्याचा विचार होऊ शकतो. तथापि नाशिकमध्ये नियमित देखरेख मिळणार नसेल, तर माझा कल पट्टा दुर्बिणीने काढून टाकण्याकडे राहील. काढल्यावर वजन वाढते ही त्यांची भीती खरी आहे. म्हणून काढण्याआधीच पुढचा बेत ठरवावा, मग ती औषधे असोत की काही महिन्यांच्या अंतराने दुसरी शस्त्रक्रिया. आणि बेरियमच्या आधी एकदा एन्डोस्कोपी करून घ्या, कारण पोर्टवरची कातडी चांगली असतानाही पट्टा आत शिरलेला असू शकतो.