माटोळीला कला म्हणतो, मग गेमला का नाही?

डिचोलीकर
चतुर्थीच्या प्रदर्शनासाठी आमच्या मंडळाची मीटिंग होती. वाड्यावरच्या एका कॉलेजच्या मुलाने माटोळीवर, म्हणजे गणपतीच्या वर टांगतो त्या फळापानांच्या चौकटीवर, कम्प्युटर गेम केलाय. चित्रांच्या शेजारी एका टेबलावर लॅपटॉप मांडून तो ठेवूया, एवढीच माझी सूचना. ज्येष्ठांनी तिथल्या तिथे उडवून लावली: "गेम म्हणजे टाइमपास, ती कला न्हय."

आता बघा, आपलं गोव्याचं कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची राज्यस्तरीय स्पर्धा घेतं. लाकडी चौकट, रानातली फळं, पानं. तिला कला म्हणताना कोणाची जीभ अडखळत नाही.

गेम असा आहे. पहिल्या वर्षी डोंगरावर जाऊन कांगलां, घागऱ्यो, आंबाडे शोधायचे आणि चौकटीला बांधायचे. दुसऱ्या वर्षी तोच डोंगर, पण एक कड लाल झालेली. तिसऱ्या वर्षी तुम्ही हिंडत राहता आणि कांगलां कुठेच सापडत नाहीत. 'खाण' हा शब्द कुठेही येत नाही. शेवटी बाजारात जाऊन विकत घ्यायची. माटोळी पुरी होते, गुण पूर्ण मिळतात, वर तारे चमकतात. मला त्या ताऱ्यांची लाज वाटली. ही कला नाही तर काय आहे?

पेडण्याचो रसिक
डिचोलीकर बाब, मुलगा हुशार आहे यात वाद नाही. पण गेमला नियम, गुण, जिंकणं-हरणं असतं. अमेरिकेतले सिनेसमीक्षक रॉजर इबर्ट यांनी 2010 मध्ये हाच मुद्दा मांडला होता: गेम जिंकता येतो, कला जिंकायची नसते.

दुसरं, कलेत निवड कलाकाराची असते. ख्याल कुठे संपवायचा आणि भैरवी कधी घ्यायची, हे गवई ठरवतो. मी खुर्चीत बसून बटण दाबून ठरवत नाही. तुमच्या गेममध्ये कोणी डोंगरावर गेलाच नाही, अंगणात कोंबड्यांमागे धावत बसला, तर त्या मुलाला जे सांगायचं होतं ते गेलं कुठे?

कुंकळ्ळीकार
इबर्ट यांचं अर्धंच सांगितलंत. त्याच वर्षी काही महिन्यांनी त्यांनी लिहिलं की गेम न खेळता असं लिहायला नको होतं. मत नाही बदललं, ते खरं. पण 2012 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने पॅकमॅन, टेट्रिस धरून 14 गेम आपल्या संग्रहात घेतले. तिथले क्युरेटर काय वेडे?

पेडण्याचो रसिक
घेतले, पण कुठल्या विभागात? आर्किटेक्चर अँड डिझाइन. त्याच विभागात खुर्च्या आहेत आणि छताला टांगलेलं एक बेल हेलिकॉप्टरही आहे. उत्तम डिझाइन आहे म्हणा, मी सही करतो. टेट्रिस ही 1984 ची अप्रतिम रचना आहे, तसं बुद्धिबळही अप्रतिमच. सोंगट्या कोरणाऱ्याला मी कलाकार म्हणेन, पण बुद्धिबळाला कला अकादमीत नेऊन बसवणार नाही.

मडगावचो बाप
इथे कलेची चर्चा चाललीय आणि आमच्या घरी पोरगा जेवायला उठत नाही. त्यात पैसे लावायचे गेम! शेवटी केंद्राला 2025 मध्ये कायदा करून ते बंद करावे लागले. मांडवीतल्या कॅसिनोंना कोणी हात लावत नाही, ती गोष्ट वेगळी.

डिचोलीकर
बाब, त्याच कायद्याने पैशांचे गेम एका बाजूला काढले आणि ई-स्पोर्ट्स नि बाकीचे गेम दुसऱ्या बाजूला ठेवले. म्हणजे सगळं एका माळेत ओवू नये, हे सरकारलाही कळलं. जेवणाचं मात्र तुम्हीच बघा.

धयकाल्याचो प्रेक्षक
रसिकबाब, दशावताराच्या पेडण्यात राहून असं विचारता म्हणजे कमाल आहे. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, कोण कोणाला मारणार तेही ठरलेलं. पण संवाद कोणी लिहून दिलेले असतात काय? राजा आणि राक्षस त्या रात्री जे सुचेल ते बोलतात. लोकांना हसवणारा संकासुर किती वेळ खाईल हे समोर बसलेल्यांच्या हसण्यावर अवलंबून. चौकट एकाची, भरणं दुसऱ्याचं. त्या मुलाने डोंगर केला, खाण पुढे सरकवली. कुठून चालायचं ते खेळणाऱ्याचं. कोंबड्यांमागे धावा हवं तर, तिसरं वर्ष काही टळत नाही.

पेडण्याचो रसिक
उदाहरण चांगलं आहे, पण उलटं पडतं. दशावतारातला राजा नट असतो. वर्षानुवर्षं पेटारा उचलून, मोठ्यांचं ऐकून तयार झालेला. ऐनवेळी बोलायची मुभा त्याला त्या तयारीमुळे मिळते. मी मांडवात बसून शेंगदाणे खातो, मला कोणी तलवार देत नाही. गेममध्ये मात्र शेंगदाणेवाल्याच्याच हातात तलवार!

सावईची बाय
मग धालोंचं काय म्हणायचं? पौषात रात्री मांडावर, म्हणजे वाड्यावरच्या ठरलेल्या पवित्र जागेवर, बायका समोरासमोर दोन ओळी धरतात. एक ओळ गाते, दुसरी ते उचलते. बघणारं कोणी लागत नाही, आणि बऱ्याच गावांत पुरुषांना मांडावर यायची मनाईच आहे. तालीम नाही, निवड नाही, वाड्यावरची प्रत्येक बाई ओळीत. सरकार मात्र लोककला म्हणून तेच धालो स्टेजवर नेतं. स्टेजवर नेलं की कला आणि मांडावर असताना खेळ, असं काही आहे काय?

गुणांचंही बोलते. स्पर्धेत माटोळीला गुण मिळतात, दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्यालाही मिळतात.

पेडण्याचो रसिक
बाय, ते गुण करणाऱ्याला मिळतात. नरकासुर बघणाऱ्याला कोणी मार्क देत नाही.

डिचोलीकर
आणि इथे दिलेत, तेच तर त्या मुलाचं कसब! डोंगर गेला, फळं विकत घेतली, तरी पूर्ण गुण. ते गुण म्हणजे टोमणा आहे.

पेडण्याचो रसिक
टोमणा मारायला एक कथा पुरली असती.

डिचोलीकर
कथेत दुसऱ्या कोणी विकत घेतली असती. इथे मी घेतली.

पेडण्याचो रसिक
म्हणूनच मला पटत नाही. तुम्हाला लाज वाटली ती तुमची स्वतःची, खासगी. आपल्याकडे रसाची कल्पना नेमकी उलट आहे. नाटकातला शोक माझा नसतो, तो कोणा एकाचा उरत नाही, म्हणून त्याचा करुण रस होतो. जुन्या काळच्या काव्यशास्त्रकार भट्टनायकाने साधारणीकरण म्हटलं ते हेच. बटण मी दाबलं, चूक मी केली, तर ते अंतर राहिलंच कुठे? तिथे अनुभव असेल, धडा असेल, रस नाही.

कुंकळ्ळीकार
म्हणजे गेम जितका जास्त भिडेल तितका कला होण्यापासून लांब? हा कसला नियम?

सावईची बाय
रसिकबाब, एवढं सांगा. धालोंच्या शेवटच्या दिवशी मांडावर बाईच्या अंगात रंभा येते. ती पात्र, की बघणारी? तिथे अंतर कोणी मोजलं? ते ठरवा, मग गेमचं बघू.