अनुभव धागा: नेदरलँड्समधल्या पगारातले हातात किती पडतात?

नेदरलँड्समध्ये नोकरी पक्की झालेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ऑफर लेटरमधल्या आकड्यातून दरमहा खात्यात किती जमा होणार? ऑनलाइन कॅल्क्युलेटर उत्तर देतो, पण ते कसे आले हे सांगत नाही. म्हणून आपापली पगारपत्रके समोर ठेवून अनुभव लिहावेत, ही विनंती. कंपनीचे नाव नको, आकडे मात्र खरे हवेत. सुरुवात मीच करतो.

डेल्फ्टमध्ये एमएस्सी करून मी ऑक्टोबर २०१६ मध्ये नोकरीला लागलो. वार्षिक ४८,००० युरो म्हणजे महिन्याला ४,००० ब्रुतो (कपातीआधीचे), असा सरळ भागाकार मी केला होता. पगारपत्रकावर, म्हणजे इथल्या लोनस्ट्रोकवर, ३,७०३.७० दिसले तेव्हा चूक झाली असे वाटून मी एचआरकडे गेलो. चूक माझीच होती. त्या ४८,००० मध्ये आठ टक्के सुट्टीभत्ता, म्हणजे फाकान्सीखेल्ट, धरलेला होता. त्यामुळे भागायचे १२ ने नव्हे, १२.९६ ने. हा भत्ता साधारणपणे मे महिन्यात एकरकमी मिळतो. पहिल्या मे महिन्यात माझे आठच महिने भरले होते, म्हणून २,३७० युरो आले आणि त्यातलेही जवळजवळ निम्मे कापले गेले. या कपातीला बोनसवरचा जास्तीचा कर समजून अनेक जण चिडतात. खरे तर मासिक कर ठरवताना करसवलती फक्त नेहमीच्या पगाराच्या हिशेबाने आधीच दिलेल्या असतात. त्यावर येणाऱ्या रकमेला वरच्या टप्प्याचा दर लागतो आणि वाढलेल्या उत्पन्नामुळे घटणाऱ्या सवलतीही तिथेच वसूल होतात. वर्षाचा कर एकूण तेवढाच राहतो.

आइंडहोवन, २०२५ पासून

थर्टी पर्सेंट रुलिंगविषयी लिहितो, कारण या नावानेच मी फसलो. परदेशातून आणलेल्या कुशल कर्मचाऱ्याला पगाराचा तीस टक्के भाग करमुक्त मिळतो, एवढेच मी पुण्यात असताना ऐकले होते. (धागाकर्त्यांना ते मिळाले नसणार, कारण इथेच शिकून नोकरीला लागलेला माणूस सहसा 'परदेशातून आणलेला' ठरत नाही.) माझा पगार सुट्टीभत्त्यासह ६०,००० युरो. त्यातले १८,००० करमुक्त होतील, असे धरून मी घरभाड्याचा हिशेब केला होता. पण करमुक्त भाग वजा केल्यावरही करपात्र पगार एका किमान मर्यादेच्या खाली जाऊ शकत नाही. २०२५ साठी ही मर्यादा ४६,६६० युरो होती. म्हणजे मला करमुक्त मिळाले १३,३४० युरो, जेमतेम बावीस टक्के. पूर्ण तीस टक्के हवे असतील तर पगार तेव्हा ६६,६५७ च्या पुढे लागायचा. वय तिशीच्या आत असून मास्टर्सची पदवी असेल तर मर्यादा बरीच कमी, त्या वर्षी ३५,४६८ होती. माझे वय चौतीस.

वर्षभराची सरासरी काढली तर रुलिंगशिवाय महिन्याला सुमारे ३,६४० युरो नेत्तो (कर कापून हातात) पडले असते, रुलिंगसह ४,२०० पडले. यातून पेन्शनचा वाटा वेगळा जातो. आरोग्यविमा तर लोनस्ट्रोकवर दिसतच नाही, त्याचा हप्ता आपला आपण भरायचा असतो. अर्ज रुजू झाल्यापासून चार महिन्यांत केला तरच सवलत पहिल्या दिवसापासून लागू होते, तेव्हा एचआरच्या मागे लागायला लाजू नका. शिवाय २०२७ पासून माझ्यासारख्यांना तीसऐवजी सत्तावीस टक्केच मिळणार आहेत.

आमस्टेलवेन

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि २०२३ मध्ये दोन ठिकाणी अर्धवेळ काम धरले. दोन्हीकडे वर्षाला साधारण १४,००० युरो मिळत. रुजू होताना दोन्हीकडे एकच फॉर्म होता आणि त्यात लोनहेफिंग्सकोर्टिंग, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या करातली सवलत, लावायचे का, असा प्रश्न होता. सवलत आहे, मग नको कशाला म्हणायचे, म्हणून मी दोन्ही ठिकाणी 'हो'वर खूण केली. दोन्हीकडच्या लोनस्ट्रोकवर कर नावापुरता दिसत होता आणि मी खुशीत होते. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर बेलास्टिंगडीन्स्टचा, म्हणजे इथल्या करखात्याचा, निळा लिफाफा दारात पडला: २,३०० युरोंहून अधिक भरायचे होते. ही सवलत एका वेळी एकाच मालकाकडे घ्यायची असते, आणि ती जिथे पगार जास्त तिथे घ्यावी. दंड नव्हता, कमी कापलेला करच तो. पण तेव्हा तो दंडासारखाच वाटला. दोन्ही ठिकाणच्या एकाही माणसाने फॉर्म घेताना दुसरी नोकरी आहे का, हे विचारले नाही.

उट्रेख्त

रुलिंग नसलेल्यांसाठी लिहितो. २०२५ मध्ये माझा पगार ६०,००० वरून ६३,००० झाला. कराचा दर ३७.४८ टक्के, म्हणून वाढीतले निदान साठ टक्के हातात येतील असे मी धरले होते. आले निम्म्यालाही थोडे कमी, महिन्याला सुमारे १२४ युरो. सर्वसाधारण करसवलत आणि नोकरदारांची करसवलत या दोन्ही पगार वाढला की घटत जातात. माझ्या पातळीवर पहिली वाढीच्या ६.३ टक्क्यांनी आणि दुसरी ६.५ टक्क्यांनी. दराच्या कोष्टकात ही घट कुठेच लिहिलेली नसते.

हेच गणित उलटे केले, तेव्हा आमच्या विभागातली निम्मी डच मंडळी शुक्रवारी गायब का असतात ते कळले. ६०,००० वर पाचऐवजी चार दिवस काम केले तर ब्रुतो वीस टक्क्यांनी घटतो, पण नेत्तो चौदा टक्क्यांहूनही कमी घटतो. महिन्याला साधारण ५०० युरो. दोन मुलांचे पाळणाघर एक दिवस वाचते ते निराळेच. मी अजून पाच दिवस जातो, बायकोने मात्र बुधवार सोडला आहे.

द हेग, २०२० पासून

रुलिंग मिळण्याविषयी सगळेच बोलतात, संपण्याविषयी कोणी बोलत नाही. माझी रुलिंगची पाच वर्षे फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरी झाली. पगार ७०,००० होता आणि तेवढाच राहिला, पण नेत्तोत महिन्याला सुमारे ८८० युरोंची घट झाली. तारीख पहिल्या दिवसापासून कागदावर होती. तरी आम्ही २०२३ मध्ये घर घेताना हप्ता तेव्हाच्या नेत्तोवर बेतला. गृहकर्जाच्या व्याजाची वजावट होते हे खरे, आणि आगाऊ अर्ज केल्यास तो परतावा दरमहा हप्त्याने खात्यात येतो; आमच्या बाबतीत तो ३०० युरोंच्या आसपास आहे.

दुसरी गोष्ट पगाराची नाही, पण त्याच वेळी अंगावर येते. रुलिंग असताना भारतातल्या ठेवी इथल्या कराच्या हिशेबात न धरण्याची मुभा मला होती, तीही रुलिंगबरोबरच गेली. आता १ जानेवारीची शिल्लक बॉक्स तीनमध्ये, म्हणजे विवरणपत्रातल्या बचत-गुंतवणुकीच्या भागात, दाखवावी लागते. म्हणून परवा बाबांना फोन करून माझ्या नावावरच्या मुदत ठेवींच्या पावत्यांचे फोटो मागवले. नऊ आल्या; मला पाचच माहीत होत्या.