बॉयलर बदलू की दुरुस्त करू? मी कोल्हापुरात, बायको तिकडं गारठलीय

मंडळी नमस्कार,
आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी राजारामपुरीत आलोय आणि नेमका आत्ताच इंग्लंडातल्या लेस्टरच्या घरचा बॉयलर रुसलाय. कॉम्बी आहे, म्हणजे घरही तापवतो आणि नळाचं पाणीही, २००७ चा. हीटिंग चालू केलं की प्रेशरचा काटा ३ पर्यंत चढतो, गार झाला की थेट शून्य, मग बायको रोज सकाळी खालचा नळ फिरवून पाणी भरते तेव्हा कुठं पेटतो. एक जण बघून गेला, दहा मिनिटंसुद्धा थांबला नाही, म्हणे लई जुना झालाय, काढून टाका, नवा बसवून २८०० पौंड.

बाबा आयुष्यभर उद्यमनगरात लेथवर होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणाले, "पेटतोय न्हवं? मग मेला कसा?" आजीचा तांब्याचा बंब अजून माळ्यावर आहे, बूड गळलं की डाग मारून आणायचा आणि परत पेटवायचा, त्यामुळं बदलणे हा शब्दच त्यांना पटत नाही. पण बंब वेगळा आणि गॅस वेगळा हे मलाही कळतं. काय करू?

---

अरे थांब, लगेच हो म्हणू नकोस.
गरम झाल्यावर ३ आणि गार झाल्यावर ० म्हणजे बहुतेक एक्सपान्शन व्हेसलची हवा गेलीय. तो एक डबा असतो, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला पाणी. पाणी तापून फुगलं की हवा दबते आणि जागा देते. हवाच नसेल तर प्रेशर चढतं, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर जातं. वहिनींना सांग, हीटिंग चालू असताना बाहेरच्या भिंतीवरची तांब्याची बारीक नळी बघा. तिथं थेंब पडत असतील तर कळलंच. नळी कोरडी असेल तर मात्र गळती दुसरीकडं आहे, खोल्या तापवणाऱ्या रेडिएटरपाशी बघायला लागेल.
दुसरा माणूस बोलवताना फोनवरच विचार व्हेसल चेक करणार का म्हणून. आणि गॅस सेफचं, म्हणजे गॅसची कामं करणाऱ्यांच्या सरकारमान्य नोंदणीचं कार्ड मागा, मागच्या बाजूला त्याला कुठली कामं करता येतात ते लिहिलेलं असतं. बाबांना म्हणावं कव्हर उघडायला सांगू नका! हीट एक्स्चेंजरच, म्हणजे ज्यात गॅसच्या आचेवर पाणी तापतं तो भागच गळत असेल तर मात्र त्यात एक पौंडही घालू नकोस.

---

काकांचं बरोबर आहे पण माझंही ऐक. आमचा १९९८ चा होता, आधी फॅन गेला, मग सर्किट बोर्ड, मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह, प्रत्येक वेळी वाटायचं आता एवढा खर्च केलाय तर अजून थोडा, असं करत ९०० पौंड घातले आणि शेवटी ऐन फेब्रुवारीत बंद पडला, चार दिवस किटलीनं पाणी तापवून पोरांच्या आंघोळी. म्हणून दुरुस्त कर, पण एकदाच. पुढच्या वेळी कुरकुरला की सोड.
एक मात्र खरं, २००५ पासून इकडं नवे गॅस बॉयलर कंडेन्सिंगच, म्हणजे धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणारे बसवायला लागतात, त्यामुळं तुझाही तसलाच असणार. नव्यानं गॅस निम्मा लागेल असं कुणी सांगत असेल तर गप्पा आहेत. रेडिएटरकडं जाणारं पाणी ६० डिग्रीवर ठेव, परत येणारं ५५ च्या खाली आलं तरच कंडेन्सिंगचा खरा फायदा, ८० वर ठेवून उपयोग नाही.

---

मंडळी, आभार. नळी टपकतच होती!
दुसरा माणूस आला, व्हेसलच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबली, नुसतं फुस्स झालं, पाणी आलं नाही म्हणजे पडदा शाबूत. हवा भरली, कचरा अडकून सेफ्टी व्हॉल्व्ह नीट मिटत नव्हता तो बदलला, १४० पौंड. आज पाचवा दिवस, गार असताना काटा १.२ वरच. बाबा तेव्हापासून रंकाळ्यावर भेटेल त्याला सांगतायत, "सायकलच्या पंपाचं काम, आणि २८०० मागत हुता!" पण रात्री जेवताना हळूच म्हणाले, रबर २००७ चं हाय, ध्यान ठेव.
म्हणून हा हिवाळा याच्यावरच काढणार. मे महिन्यात हीट पंपवाल्याला (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) बोलवून घर दाखवतो, त्या पंपाला सरकारी ग्रँट ७५०० पौंडांची आहे, आमच्या छोट्या रेडिएटरना जमतंय का ते बघू, नाहीतर बॉयलरच, पण उन्हाळ्यात, घाई नसताना.
आईचा डोळा मस्त आहे. बॅगेत ६ किलोची जागा शिल्लक आहे, कांदा लसूण चटणी कुणाला किती ते गुरुवारपर्यंत कळवा.