पेट्रोलमधला ऊस आणि माझे ४ किलोमीटर

गाडीतळकर
काल ऊसकरी यांनी दुसऱ्या एका धाग्यावर लिहिलं, “ई-२० ला नावं ठेवणारे देशाचं तेल-बिल वाढावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेत. मायलेजचं रडगाणं म्हणजे शहरी नखरे.” (ई-२० म्हणजे ऊस-धान्यातून काढलेलं २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.) तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण लांबलं. म्हणून हा वेगळा धागा.

माझी बाईक २०१४ ची. हडपसर ते रांजणगाव, रोज जाऊन-येऊन शंभरच्या आसपास. लिटरला ५२ द्यायची, आता ४८. दर टाकीला डायरीत लिहितो. हवा, चेन, प्लग, सगळं बघून झालं. हा नखरा? इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, हा काही माझा शोध नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच सुचवलं होतं की असं इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त द्या. ते पान कुणी फाडलं?

आता तेल-बिल. कच्च्या तेलाचा ८५ टक्क्यांहून जास्त भाग बाहेरून येतो. घोर लागावा असंच आहे, मान्य. पण पेट्रोलियम पदार्थांच्या एकूण खपात पेट्रोल जेमतेम सहावा हिस्सा. डिझेल त्याच्या दुपटीहून जास्त. सहाव्याचा पाचवा म्हणजे तिसावा, आणि त्यातही ऊर्जा कमी. खरंच तेल वाचवायचं असेल तर ट्रक रेल्वेवर चढवा. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाडहून मालट्रक वाघिणींवर घालून नेते, आणि तो मार्ग आता विजेवर आहे. तिथे डिझेल वाचतं ते सरळ वाचतं, माझ्या गॅस्केटच्या जिवावर नाही.

जाता जाता, २००३ च्या बायोडिझेलच्या लाटेत वडिलांनी दोन एकर माळावर मोगली एरंड लावला होता. बिया घ्यायला कुणी फिरकलं नाही. शेळ्यासुद्धा तोंड लावत नव्हत्या. तेव्हापासून ‘पर्यायी इंधन’ ऐकलं की आधी खिसा चाचपतो.

ऊसकरी
रडगाणं हा शब्द मागे घेतो. गाणं निदान सुरात असतं.

त्याच अहवालात जुन्या दुचाकींना ३ ते ४ टक्के फटका बसेल असं लिहिलंय. तुमचे पावणेआठ आले. उरलेले चार टक्के आमच्या शेतातून नाही गेले, राव. हडपसरचं ट्रॅफिक बघा.

मी शिरोळचा. २०१८ च्या हंगामातला ऊस जानेवारीत तुटला, पूर्ण बिल हातात पडलं दिवाळीला. साखर गोदामात पडून आणि चेअरमन म्हणतात, उठाव नाही. पुढे कारखान्याने डिस्टिलरी टाकली. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे वेळेत देतात. गेले तीन हंगाम बिल महिन्याच्या आत आलंय. जो पैसा आखातात जायचा तो माझ्या सोसायटीच्या कर्जात जातोय, यात तुमच्या पोटात का दुखतं?

आणि सरकारचं कौतुक मीही करत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये, ऐन गाळपात, रसापासून इथेनॉल बंद म्हणून फर्मान आलं. साखर महागेल म्हणून! डिस्टिलरीच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

गाडीतळकर
एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान भाव, १४ दिवसांत द्यायचा कायदा आहे. तुम्ही महिन्यात मिळाली म्हणून पेढे वाटताय. आणि अहवालवाले टेस्ट ट्रॅकवर गाडी चालवतात, मी गाडीतळाच्या पुलाखाली.

स्पॅनर
गॅरेज आहे, म्हणून दोन शब्द. रोज चालणाऱ्या गाडीला फार काही होत नाही. येतात त्या उभ्या राहणाऱ्या गाड्या. इथेनॉल ओल धरतं. महिनाभर बंद राहिली की कार्ब्युरेटरच्या बाऊलमध्ये कचरा, जेट चोक, जुनं रबर फुगलेलं. पावसाळ्यात तर विचारू नका. दोघंही थोडे थोडे बरोबर आहात, पण तसं म्हटलं की दोघंही चिडतील.

लातूरची लेक
मायलेजवर भांडा तुम्ही. ऊसकरीदादा, तुमच्या लाडक्या अहवालातली आणखी एक ओळ वाचा. साखरेपासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी.

२०१६ ला मी बारावीत होते. मांजरा धरण कोरडं, पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी, आमच्या गल्लीत टँकर दहा दिवसांनी. आई भाज्या धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात वापरायची. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. भागाकार करा, पावणेदोनशे लिटर इथेनॉल होतं त्याचं. तुमच्या भागातल्या एका लग्नाच्या वरातीत संपेल.

आणि गाडी आली कुठून? तुमच्या शिरोळजवळच्या मिरजेहून. २००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचा पहिला प्रयोग जिथे झाला त्यात मनमाड, बरेलीबरोबर हेच मिरज होतं.

ऊसकरी
ताई, तुमच्या मांजरा काठालाही ऊसच होता की. तो काय शिरोळकरांनी लावला?

आणि हिशेब अर्धवट आहे. सी-मळीचं इथेनॉल साखर काढून उरलेल्या मळीतून निघतं. ते पाणी चहात साखर टाकताना मोजा. शिवाय २०२३-२४ पासून निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यातून येतंय. मक्यावाल्यांना कुणी बोलत नाही, ऊसवाला दिसला की सगळे हात धुऊन घेतात. २०१९ ला आमच्या घरात छातीभर पाणी होतं. बुडीत रानात सोयाबीन कुजतं, ऊस चार दिवस तग धरतो. पीक बदला म्हणणाऱ्याने हमीने घेणारा गिऱ्हाईकही सोबत आणावा.

लातूरची लेक
होता ना ऊस. माझ्या मामाचाच होता. म्हणून तर बोलते. आमच्याच लोकांनी आमचंच पाणी गाळपाला घातलं. तुमचा पूर आणि आमचा टँकर एका राज्यात आहेत, एवढंच लक्षात ठेवा.

कोंबडीवाला_नाशिक
मक्याचं नाव निघालंच आहे तर बोलतो. खाद्याचा खर्च कुठल्या कुठे गेला. जो देश मका निर्यात करायचा त्याने २०२४ मध्ये म्यानमारहून मका आणला. तेलाची आयात कमी करायला मक्याची आयात. अंडं महागलं की मला शिव्या देऊ नका.

गाडीतळकर
धागा मायलेजचा होता हो. असो. मळीचा मुद्दा बरोबर आहे, तेवढा दिला. मळीपुरतं इथेनॉल करा, माझी ना नाही. रस, मका, गोदामातला तांदूळ ओतून २० टक्क्यांचा आकडा गाठायची घाई मात्र पटत नाही. आणि पंपावर साधं पेट्रोल घ्यायची सोय ठेवा.

ऊसकरी
चला, शहराकडून मळीपुरता न्याय मिळाला. मिरजेचं मला माहीत नव्हतं, खोटं कशाला बोलू. ठिबक केलंय अडीच एकरात, बाकीचं अजून पाटपाण्यावरच आहे. उद्या पहाटे टोळी येणार, तोड आहे. मक्यावाल्याला रात्री उत्तर देतो.

स्पॅनर
तोड आहे म्हणाले, म्हणजे चार दिवस येत नाहीत. गाडीतळकर, रविवारी बाईक घेऊन या. क्लच बघू आधी.

गाडीतळकर
क्लच ठीक आहे!!

स्पॅनर
तरी आणा.