फॉरमॅट मारण्याआधी तापमान बघा

तुमचा प्रश्न असा की गेम सुरू केला की दहा-पंधरा मिनिटांत पीसी फटकन बंद, एरर काहीच नाही, आणि वरच्या उत्तरांत बहुतेकांनी विंडोज नव्याने टाकायला सांगितलंय. कृपया एवढ्यात ते करू नका. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोजची घडामोडींची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ ही नोंद फक्त मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढंच सांगते, कारण नाही.

आधी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा स्क्रीन) जाऊन पीसी तसाच चालू ठेवा आणि सीपीयूचं तापमान बघा. तिथेही बंद पडला तर विंडोजचा काही संबंध नाही. काहीच लोड नसताना आकडा ८०-९० अंश सेल्सिअसकडे चढत असेल तर कूलर (सीपीयूवर बसणारा पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या) पाहा. इंटेलच्या जुन्या कूलरला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. एखादी सुटली की कूलर एका बाजूने उचलला जातो. पंखा काढून खालच्या पट्ट्याही बघा, तिथे धुळीचा अक्षरशः नमदा बसतो. कूलर काढला तर परत बसवताना थर्मल पेस्ट (सीपीयूची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नवीनच लावा.

तापमान ठीक असेल तर माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस लावून तोच गेम चालवा. जुना मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) जीवघेणा चार्ज राहू शकतो.